निसरडं तेल

माझ्या नवऱ्याचं नाव सम्राट. राज्य कशाचं, तर एका मोटारसायकलीचं. तीही अशी, की जिची कंपनी बंद पडून जमाना झाला. गरुड म्हणायचे तिला. नाव गरुड आणि आवाज पिठाच्या गिरणीचा. नेवाशाच्या कुणाच्या तरी गोठ्यातून यांनी ती आणली तेव्हा सीटखाली कोंबडीची पिसं होती. मी म्हटलं, "अहो, गाडी आणली का खुराडं?" हे नुसते हसले आणि फडकं घेऊन पुसायला बसले. ते जे बसले ते बसलेच.

मी झेडपीच्या शाळेत मास्तरीण. शाळेत शुद्ध बोलते, पण राग आला की तिसगावचं तोंड सुटतं. आणि ही सगळी हकीकत रागाचीच आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

हे नगरला एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये नोकरीला होते. रोज करंजीचा घाट चढून जायचं, संध्याकाळी उतरून यायचं. कॉलेजात इंटरनेट नवीन आलं होतं. त्यावर यांना यांच्यासारखेच येडे सापडले. देशभरातले गरुडवाले. कुणी इंदूरचा, कुणी बंगलोरचा, एक तर पार दुबईत. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना जायचं आणि सगळे त्याला उत्तरं द्यायचे. एकमेकांची तोंडं कुणी पाहिली नव्हती, पण कुणाच्या गाडीचं काय दुखतंय ते सगळ्यांना पाठ. घरी आल्यावर मला ऐकावं लागायचं. इंदूरवाल्यानं असं केलं, बंगलोरवाल्यानं तसं केलं. मी भाकरी थापता थापता म्हणायचे, "आणि तिसगाववाल्यानं पाणी भरलं का?"

या लोकांचं निम्मं आयुष्य क्लचवर गेलं. गरुडच्या क्लचचं दुखणं जन्मापासूनचं होतं. ऐकून ऐकून मलाही आलं ते. आत गोल प्लेटा असतात, त्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा इंजिनचं बळ चाकाला जातं. जुन्या प्लेटा बुचाच्या, लवकर झिजायच्या. मग त्या मंडळींनी शोध लावला, की दुसऱ्या जातीच्या प्लेटा आणि कडक स्प्रिंगा बसवल्या की गरुड हत्तीसुद्धा ओढेल. दिवाळीच्या सुट्टीत यांनी त्या बसवल्या. आणि वर, कुणीतरी लिहिलं म्हणून, मोटारगाडीचं भारी नवं तेल इंजिनात घातलं. सपाट रस्त्यावर चक्कर मारून आले तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता. "वृषाली, लोण्यासारखी चालतीय!" आमची सीमा टाकीवर बसून आली होती, तीही ओरडली, "लोण्यासारखी!" तिला चार पुरी व्हायची होती.

त्याच सुट्टीत तिला ताप भरला. दोन दिवस घरचं औषध झालं, तिसऱ्या दिवशी दुपारी झटका आला. गावातल्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता नगरला न्या. जीप भरल्याशिवाय निघेना. हे म्हणाले, गाडीवर नेऊ. मी मागं बसले, सीमाला मधे घेतलं, चादरीनं आमच्या दोघांशी बांधलं.

करंजीपर्यंत गाडी नीट गेली. घाट लागला आणि इंजिन बोंबलायला लागलं. आवाज तर असा की डोंगर फुटतोय, आणि गाडी जागची हलेना. हे ॲक्सिलेटर पिळतायत, जळका वास येतोय, आणि आम्ही तिथंच. तेल निसरडं होतं. त्या नव्या प्लेटा एकमेकींना धरतच नव्हत्या. हे उतरून ढकलायला लागले. मागून ऊसतोडीला निघालेल्यांचा ट्रक आला, बायाबापड्या, पोरं, हंडे, कोंबड्या. त्यांनी आम्हाला वर ओढून घेतलं. रंगुबाई नावाच्या एका बाईनं सीमाचे पाय मांडीवर घेतले आणि नगर येईपर्यंत चोळत राहिली. गाडी घाटातच राहिली.

सीमानं दवाखान्यात प्राण सोडला. माझ्या समोर.

डॉक्टरांनी आम्हाला दोघांना खुर्चीत बसवून सांगितलं, की ताप मेंदूपर्यंत आधीच गेला होता, तुम्ही घाटात अडकला नसता तरी फरक पडला नसता. यांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे ऐकलं, असं मी समजले. तिच्या पुण्यानुमोदनाला सगळे पाहुणे जमले, बुद्धवंदना झाली, लोक रडले. हे भिंतीला टेकून स्वतःच्या हातांकडं बघत होते. नखांत काळं होतं. घाटातून गाडी आणून यांनी ते तेल काढून टाकलं होतं, प्लेटा घासून पुन्हा बसवल्या होत्या. 

मग एका सकाळी कॉलेजचे कपडे केले, डबा घेतला, गाडीला किक मारली आणि गेले. कॉलेजात पोचलेच नाहीत.

पोचले नाहीत ते नाहीतच.

आमचे सासरे, सहादू बाबा, आसपासच्या सगळ्या विहिरी धुंडाळत फिरले. घाटातल्या दऱ्या उतरले, या वयात. सासूबाई, गीताबाई, दाराशी बसून रस्त्याकडं बघायच्या आणि जो येईल त्याला विचारायच्या. पोलीस म्हणाले, मोठा माणूस आहे बाई, येईल राग गेला की. राग? यांना राग आला असता तर मी नारळ फोडला असता. एकदा कुठल्याशा कॅनॉलमध्ये कुणी सापडला म्हणून मला ओळख पटवायला बोलावलं. चादर वर केली. मी पाय बघितले. ते पाय यांचे नव्हते. मी तिथंच हसले, मोठ्यानं, आणि हवालदाराला वाटलं बाईचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. कुणाचा तरी माणूस मेलेला समोर पडलाय आणि मी हसतेय.

तोवर मला दिवस गेल्याचं कळलं होतं. यांना माहीत नव्हतं. पोट दिसायला लागलं तशा भावकीतल्या बाया वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या. कडूबाई म्हणून एक चुलत सासू आहेत, त्या म्हणाल्या, "पोरी, किती दिवस वाट बघायची? काय ते मनाशी धर आन् मोकळी हो." मी म्हणाले, "कशानं मोकळी हू, सांगा की! तुमी सांगा, मी व्हते!" पुन्हा आल्या नाहीत.

पण रात्री नाही, भर दिवसा, वर्गात पाढे म्हणून घेताना, मलाही तेच वाटायचं. मेला असेल. आणि मेला नसेल तर माझ्याजवळ का नाही? दोन्हीपैकी कुठलं वाईट, तेच कळायचं नाही.

मार्चात परीक्षा चालू असताना मला गरुडवाल्यांची आठवण झाली. देशभर पसरलेली माणसं. असली गाडी रस्त्यावर दिसली तर तेच ओळखणार. यांचा कॉलेजातला जुना सोबती काकासाहेब, त्यानं नोकरी सोडून नगरातच सावेडीत इंटरनेटचं दुकान टाकलं होतं, शेजारी एसटीडी बूथ. मी तिथं गेले. यांच्या नावाची ई-मेलची पेटी उघडायची तर पासवर्ड हवा. मुलीचं नाव घातलं, नाही. माझं घातलं, नाही. काकासाहेब खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, गाडीचा नंबर टाकून बघा." उघडली! सात जन्म हाच नवरा मागणारी बाई मी नव्हेच, पण त्या क्षणाला मी त्याला कच्चा खाल्ला असता.

मी त्याच पेटीतून, वर माझं नाव घालून, इंग्रजीत, डिक्शनरी घेऊन, सगळ्यांना पत्र लिहिलं. माझा नवरा या गाडीवर निघून गेलाय, अशी अशी गाडी, दिसली तर कळवा. पुढच्या शनिवारी उत्तरं बघायला गेले. इंदूरवाल्यानं लिहिलं होतं, फार वाईट वाटलं, नव्या स्प्रिंगा चालल्या का? बंगलोरवाल्यानं इंजिन नंबर विचारला. आणि एका गाढवानं लिहिलं होतं, की ताई, दुःखात सहभागी आहे, पुढंमागं गाडी विकायची झाली तर आधी मला सांगा.

"ह्याला इथं आन," मी काकासाहेबाला म्हणाले. "त्याच्या नरड्यात घालते ती गाडी."

पण काकासाहेब बोलत नव्हता. तो पडद्याकडं बघत होता. "वहिनी, तुम्ही ही पत्रं आधी उघडली होती का?"

"न्हाई. आताच बघतीय."

तेव्हा त्यानं दाखवलं. न वाचलेलं पत्र ठळक काळ्या अक्षरात दिसतं, वाचलेलं पुसट. माझं पत्र आणि त्याला आलेली सगळी उत्तरं आम्ही उघडेपर्यंत ठळक होती. पण मधे मधे क्लचची पत्रं होती, नेहमीची, प्लेटांची, स्प्रिंगांची. ती पुसट होती. सगळीच्या सगळी.

कुणीतरी ती वाचत होतं. आणि गाडीचा नंबर पाठ असलेलं या जगात दुसरं कोण होतं?

जिवंत आहे! मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. मग मला एवढा राग आला की पोटातलं बाळ दचकलं. कुठंतरी बसून हा माणूस क्लचची पत्रं वाचतो आणि बायकोचं नाव दिसलं की हात आखडता घेतो! मी तिथल्या तिथं यांच्याच पेटीत यांना पत्र टाकलं. वर माझं नाव, आत सगळं. घरी या, पोटात बाळ आहे, बाबा विहिरी शोधतात. पुढचे कितीतरी शनिवार मी ते पत्र बघायला गेले. वरखालची सगळी पुसट होत गेली. माझं काळं ते काळंच.

काकासाहेब म्हणाला, "मग वर क्लच असं लिहा आणि आत तुमचं घाला. उघडंलच की."

"उघडंल. वाचंल. आन् मग ही पेटी बी सोडून देईल. एवढा एकच धागा हाय माझ्याकडं. वाचून उपेग न्हाई काकासाहेब, त्याचं तोंड उघडाया पायजे."

मे महिना उजाडला. मला आठवा लागला होता. उन्हात एसटीनं घाट चढून नगरला जायचं म्हणजे जीव निघायचा, आणि प्रत्येक वेळी त्या वळणावर मी डोळे मिटून घ्यायचे. एकदा डोळे मिटलेले असतानाच मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, अंगावर काटा आला. हा माणूस बायकोपासून पळेल, आईबापांपासून पळेल. पण दुसरा कुणी बापडा तेच तेल घालून, बायको मागं बसवून घाटाला निघालाय म्हटल्यावर हा गप्प बसेल? नाही बसणार. बसला, तर तो माझा नवराच नव्हे आणि मग मला तो नकोच.

गुरुवारी काकासाहेबानं एक नवी पेटी उघडून दिली. नाव ठेवलं श्रीमंत, राहणार भंडारदऱ्याकडं. या श्रीमंतानं सगळ्या गरुडवाल्यांना पत्र लिहिलं. वर लिहिलं, क्लच सुधारला, आता घाटाची परीक्षा. आत लिहिलं, की मी तुमच्या सांगण्यावरून नव्या प्लेटा बसवल्या, मोटारगाडीचं हे हे तेल घातलं, गाडी लोण्यासारखी चालते. बायकोला आठवा महिना आहे, तब्येत नाजूक, सोमवारी तिला मागं बसवून घाटातून मोठ्या दवाखान्यात नेतोय. काही सूचना असल्यास कळवावी.

"वहिनी," काकासाहेब म्हणाला, "हे लई वाईट हाय. माणूस कोलमडून पडंल."

"पडू द्या. पडला म्हंजी हाती लागंल."

असं म्हणाले खरी, पण पत्र गेल्यावर वाटलं, परत ओढून घ्यावं. जखमेवर फुंकर घालायची सोडून मी तिच्यात बोट घातलं होतं. आणि हा आधीच काठावर उभा असेल तर? विहिरीच्या, पुलाच्या, कशाच्या काठावर? घरी येऊन मी सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. 

शनिवारी दोन उत्तरं आली. बंगलोरवाला म्हणे, तेल उत्तम आहे, बिनधास्त जा. दुबईवाला म्हणे, वहिनींना शुभेच्छा, फोटो पाठवा. मी पडद्यावर थुंकायची बाकी राहिले. ज्यांच्या नादानं माझी पोरगी घाटात अडकली ते अजून तेच सांगत होते, एकमेकांच्या पाठी थोपटत. बरं, यांच्या पेटीत श्रीमंताचं पत्र ठळकच होतं. अजून उघडलेलं नव्हतं.

रविवारी पुन्हा गेले. सासऱ्यांना सांगितलं, दवाखान्यात जाते. लाईन लागेना, लागली की तुटायची. टेलिफोनची ती किरकिर ऐकत मी तास काढले. लागली तेव्हा यांची पेटी आधी उघडली. श्रीमंताचं पत्र पुसट झालं होतं.

श्रीमंताची पेटी उघडली. एक उत्तर. फक्त श्रीमंताला, बाकी कुणाला नाही. पाठवणाऱ्याचं नाव लपवायचंसुद्धा यांना सुचलं नव्हतं. सम्राट. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं.

"गाडी काढू नका. ते तेल आधी काढा. कुणी काही सांगू द्या, ऐकू नका. हात जोडतो. पत्राची वाट बघू नका, या नंबरवर फोन करा, मी दिवसभर फोनपाशी बसतो."

काकासाहेबानं नंबर बघितला. "बेळगावचा कोड हाय."

आम्ही दोघं बूथमध्ये शिरलो. पोट घेऊन मी आणि तो, त्या कपाटाएवढ्या जागेत. बोलायचं त्यानं ठरलं, कारण माझा आवाज ऐकला की हे फोन ठेवतील. मी रिसीव्हरला कान लावून उभी राहिले. एकच घंटी वाजली.

"हॅलो, श्रीमंतराव का?"

तोच आवाज. बारीक झालेला, पण तोच. मी दातांत पदर धरला.

"व्हय," काकासाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तेल काढलं का? सगळं? नुसतं वरवर काढून भागत न्हाई, प्लेटा काढून पेट्रोलनं धुवा. न्हाई, न्हाई, धुऊ बी नका, गाडीच काढू नका! जीप करा, ट्रकला हात करा, कायबी करा. बाई कशा हायेत?"

"बऱ्या हायेत."

"सपाटीवर काय कळत न्हाई हो. लोण्यासारखी चालती. घाटात प्लेटा धरत न्हाईत. मी... माझी पोरगी हुती गाडीवर. चार वर्षाची. मी ढकलत हुतो आन् ती बघत हुती माझ्याकडं. मी मारली तिला, श्रीमंतराव. मी माझ्या हातानं तेल घातलं. तुमी न्हाई ना नेनार? सांगा ना, न्हाई ना नेनार?"

 काकासाहेबाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मी त्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"तुमी एकटेच हुता का गाडीवर?" मी ओरडले. "आँ? एकटेच हुता? मागं मी बसले हुते! माझ्याकडं बी बघत हुती ती! माझी न्हवती का पोरगी? सगळं दुःख उचलून एकटेच पळाला बेळगावला, मला काय ठिवलं? विहिरी?"

 पलीकडं नुसती खरखर. फोन ठेवतायत, मला वाटलं. माझा आवाज एकदम खाली आला.

"ठिवू नका. तुमच्या पाया पडते, फोन ठिवू नका. डाक्टर काय म्हनले ते तुमी ऐकलंच न्हाई. घाटामुळं गेली न्हाई ती. आपल्याला आधीच उशीर झाला हुता, दोघांना बी. तुमच्याएवढाच मला बी."

 मग हे अगदी हळू म्हणाले, "वृषाली, म्हंजी श्रीमंत?"

"कुनी न्हाई श्रीमंत. मीच."

"तेल?"

"न्हाई कुनाच्या गाडीत तेल. कुनी निघालं न्हाई घाटाला."

यांनी श्वास सोडला. केवढा मोठा, इकडं कानाला लागला. मग थबकले. "आन् ती बाई? आठवा म्हिना लिवलं हुतं."

"तेलाची लबाडी केली," मी म्हणाले. "बाईची न्हाई."

त्यावर हे जे रडले. माणूस असा रडू शकतो हे मला माहीत नव्हतं. सीमा गेली तेव्हा रडले नव्हते, पुण्यानुमोदनाला रडले नव्हते, ते सगळं त्या बेळगावच्या बूथमध्ये बाहेर आलं. तिकडं कुणीतरी कानडीत विचारत होतं, काय झालं, काय झालं.  काकासाहेब बाहेर जाऊन पायरीवर बसला.

"मी येतो," शेवटी हे म्हणाले. मग म्हणाले, "घाट कसा उतरू गं मी?"

"गाडी तिथंच टाका. एसटीनं नगरला या. मी स्टँडवर हुभी ऱ्हाते. घाट दोघं मिळून उतरू."

"हां."

"आन् न्हाई आला तर मी तिथनं हलनार न्हाई. तिथंच बाळंत व्हईन, स्टँडवर, समद्या लोकांत. सांगून ठिवते."

"येतो म्हनलो ना."

मला अजून खूप भांडायचं होतं. महिन्यामहिन्यांचं साठलं होतं, एकेक काढून तोंडावर मारायचं होतं. काहीच आठवेना. मी विचारलं, "जेवलात का?"

"न्हाई. सकाळधरनं फोनपाशीच हाय."

आणि मग मी रडले.